सावजी मसाला परदेशात पाठवायचाय : लोकसंख्येचा तक्ता बघू की नकाशा?

हिंगणावाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं मसाल्याचं छोटं युनिट आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी आणि बहीण बघतो. सावजी मसाला, काळा मसाला आणि भिवापुरी मिरचीचं तिखट, एवढाच माल. विदर्भात बरा खप आहे, रायपूर-दुर्गकडेही जातो. आता बाहेरच्या देशात पाठवून बघायचं आहे. आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड) निघाला, स्पाइसेस बोर्डाची नोंदणीही झाली. घोडं अडलंय ते पहिला देश कोणता यावर.

एका सल्लागाराने आम्हाला तक्ता करून दिला. देश, लोकसंख्या, वाढीचा वेग, सरासरी वय. वर नायजेरिया, इंडोनेशिया, फिलिपाइन्स. तळाला जपान, इटली, कोरिया. त्यांचं म्हणणं, जिथे माणसं वाढतायत आणि तरुण आहेत तिथे जा, म्हाताऱ्या देशांच्या वाटेला जाऊ नका. बहीण म्हणते, तक्ता ठेव बाजूला, नकाशा उघड. आखात जवळ आहे, तिथे आपली माणसं आहेत, संपला विषय.

मला दोघांचंही अर्धंच पटतंय. ज्यांनी बाहेर माल विकलाय किंवा जे बाहेर राहतात त्यांनी सांगा, तुमच्या अनुभवात काय जड ठरलं? अंतर, हवामान, वय, की आणखी काही?

तर्रीबाज

पहिला देश पुणे. तिथे खपला तर पुढे व्हिसा लागत नाही.

काटोलचा_बागायतदार

हिंगणावाले भाऊ, जवळचा देश म्हणजे सोपा देश असं काही समजू नका. आमचं संत्र्याचं काय झालं ते ऐका.

नागपुरी संत्र्याची साल सैल, आत बिया, अन् झाडावरून उतरवलं की फळ लय दिवस थांबत नाही. इजिप्तचं नाहीतर दक्षिण आफ्रिकेचं माल्टा बघा, साल चिकटलेली, शीतगृहात महिनोन् महिने पडून राहते. म्हणून तो माल जहाजात बसून जगभर जातो अन् आमचा ट्रकात बसून जिथवर टिकला तिथवर. टिकून टिकून कुठवर, तर बांगलादेश. १७ कोटी लोक, रस्त्यानं जाता येते, तिथल्या लोकांले आंबट-गोड चव आवडते. वरुडकडून रेल्वेनंही माल गेला. व्यापारी म्हणे, दुसरीकडं पाहायची गरजच काय?

मग २०१९ पासून त्यांनी आयात शुल्क वाढवणं सुरू केलं. दरवर्षी थोडं थोडं, असं करत करत चार वर्षांत चौपटीच्या वर. इकडं आंबिया बहाराचा माल तोडणीले आला की नागपूरच्या कळमना बाजारात भाव बसते, कारण बाहेर जाणारा गठ्ठा माल आतच राहते. भूगोलानं एकच दार उघडं ठेवलं होतं, ते समोरच्यानं आतून लावलं.

तुमचा माल वाळलेला आहे, टिकते. तुमाले देव पावला आहे. एकाच देशावर बसू नका, एवढंच.

वऱ्हाडी_ठसका

काटोलवाले काका, बिनबियांचं वाण आलं होतं ना संशोधन केंद्राकडून?

काटोलचा_बागायतदार

आलं आहे. पण झाड लावलं की फळ हाती याले पाच-सहा वर्षं लागते. तोवर बांगलादेशाचं सरकारही बदललं.

अजनीवाला

माझं काम माल बाहेर पाठवण्याचंच आहे (फॉरवर्डिंग), म्हणून बोलतो. पाहुणा आला की आपण त्याला झिरो माइल दाखवतो. देशाच्या मधोमध! अहो, मधोमध म्हणजे प्रत्येक समुद्रापासून लांब. मुंबईजवळचं न्हावाशेवा बंदर साडेआठशे किलोमीटर, विशाखापट्टणमही फार जवळ नाही. जीएसटी आल्यावर मोठ्या कंपन्यांनी बुटीबोरी आणि वर्धा रोडला गोदामं घेतली ती याच मधोमधपणामुळे, कारण इथून चारही दिशांना ट्रक सोडता येतो. म्हणजे देशातल्या विक्रीला आपली जागा सोन्याची. निर्यातीला तीच जागा भाड्यात जाते.

पण दुसरी गोष्ट अशी की परदेशाचं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच नसतं, दिवसांत मोजायचं. न्हावाशेव्याहून जहाज आठवड्याच्या आत दुबईच्या जेबेल अली बंदराला लागतं. युरोपातलं रॉटरडॅम बंदर एरवी तीन-चार आठवडे. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा त्यात आणखी दहा ते चौदा दिवस चढले. नकाशावर युरोप होता तिथेच होता, पण माझ्या ग्राहकांसाठी दोन आठवडे लांब गेला. त्याचं भाडं वेगळं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज वेगळं.

हवामानाचंही बघा. मे महिन्यात नागपुरात भरलेला कंटेनर थंड बंदरात पोचला की आतल्या हवेतली वाफ छताला धरते आणि मालावर टपकते. आम्ही म्हणतो कंटेनरला घाम आला. मसाल्याचा गोळा होतो, कधी बुरशी धरते. ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा, आतलं अस्तर चांगलं घ्या, आणि जमलं तर उन्हाळ्यात तिखट पाठवूच नका. लाल रंग उन्हात उडतो. तिखटपणा राहतो, पण दुकानातलं गिऱ्हाईक रंग बघून उचलतं.

प्रा_रामदासपेठ

अंतर आणि आकार या दोन गोष्टींवर जुना सिद्धांत आहे. यान टिनबर्गन या डच अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्ये मांडला : दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराप्रमाणे वाढतो आणि अंतराप्रमाणे घटतो. गुरुत्वाकर्षणासारखं. ढोबळमानाने आजही लागू पडतं. पण लक्षात घ्या, त्यात आकार म्हणजे उत्पन्न, डोकी नव्हेत. हिंगणावाल्यांच्या तक्त्यात उत्पन्नाचा रकानाच नाही.

समुद्र नसणं हा शापच असतो असंही नाही. १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा किनारा गेला. आज त्यांचा जवळपास सगळा माल जिबूतीच्या बंदरातून येतो-जातो आणि त्याचा बोजा प्रत्येक पोत्यावर पडतो. स्वित्झर्लंडलाही समुद्र नाही, पण घड्याळं आणि औषधं विकणाऱ्याला किलोमागे किती भाडं पडलं याची फिकीर नसते. तेव्हा हिंगण्यातून साधी मिरची पूड पाठवाल तर भाडं खाऊन टाकेल. तयार सावजी मसाला, त्यातही चांगल्या पाकिटात, तो बोजा सोसू शकेल.

वयाच्या बाबतीत एक उदाहरण वर्गात नेहमी देतो. चीनमध्ये २०१६ साली सुमारे १ कोटी ७९ लाख मुलं जन्मली. २०२३ मध्ये ९० लाख. त्याच वर्षी नेस्लेने आयर्लंडमधला अस्कीटनचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण तिथे बनणारं बाळांचं दूध प्रामुख्याने चीनकडे जात होतं. पाळणे हलायचे थांबले चीनमध्ये आणि नोकऱ्या गेल्या लिमरिक परगण्यातल्या एका गावात. लोकसंख्येचा बदल सावकाश येतो म्हणतात. गिऱ्हाईक एकाच वयाचं असेल तर तो अजिबात सावकाश येत नाही.

वऱ्हाडी_ठसका

सर, हे परीक्षेत येईन काय?

लागोस_रिटर्न

तक्त्यात वर नायजेरिया दिसला म्हणून लिहितोय. तिथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं काढली.

सल्लागाराचं अर्धं बरोबर आहे. बावीस कोटींच्या वर लोक, निम्मे अठरा-एकोणीसच्या आतले. बाजारात उभं राहिलं की ती तरुणाई अंगावर येते. आणि तिखट खातात, अगदी आपल्यासारखं! पण कसं खातात ते बघा. ताजी मिरची, टोमॅटो आणि कांदा वाटून शिजवतात, त्यात मसाल्याची वडी कुस्करून टाकतात, आणि वरून करी पावडर आणि थाइम. वडी स्वस्त, एकेक सुटी मिळते, गल्लीतल्या टपरीवर मिळते. तिच्यासमोर आपलं दोनशे ग्रॅमचं पाकीट घेऊन कोण उभं राहणार?

तिथे जे टिकले ते कसे टिकले, तेही सांगतो. बजाजची बॉक्सर. रस्ते खड्ड्यांचे, गाडीवर दोन-तीन माणसं आणि वर पोतं, दुरुस्ती झाडाखाली. त्या सगळ्याला पुरेल अशी साधी, दणकट गाडी, सुटे भाग कुठेही मिळतात. नायजेरिया ही बजाजची परदेशातली फार मोठी बाजारपेठ झाली. दुसरं टेक्नो फोन. चिनी कंपनी, पण डोळा आफ्रिकेवर : वीज जाते म्हणून मोठी बॅटरी, वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं लोक बाळगतात म्हणून एकाहून जास्त सिम, आणि सावळ्या-काळ्या चेहऱ्याचा फोटो नीट यावा अशी बसवलेली कॅमेऱ्याची सेटिंग. इंडोमी नूडल्सवाल्यांनी तर १९९५ मध्ये तिथेच कारखाना टाकला.

आणि पैसा. जून २०२३ मध्ये नायराचा दर मोकळा सोडला. आधी डॉलरला ४६० च्या आसपास असलेला नायरा पुढच्या वर्षी दीड हजाराच्या पार गेला. तुमचा माल तोच, भाव तोच, पण तिथल्या बाईच्या हातात तिप्पट महाग. तरुण लोकसंख्या ही पुढे कधीतरी वटणारी हुंडी आहे, लहान युनिटने तिच्यावर उधारी करू नये. शिवाय नाफडॅकची (तिथली अन्न-औषध तपासणारी सरकारी संस्था) नोंदणी असल्याशिवाय खाण्याची वस्तू विकताच येत नाही. त्याला वेळ लागतो आणि पैसेही.

तर्रीबाज

मसाल्याची वडी ही आयडिया मात्र भारी आहे. सावजी वडी. एक कुस्करा, शेजारी रडतील.

ओसाकाहून

तळाच्या ओळीची बाजू कोणीच घेत नाहीये, म्हणून मी घेते.

जपानमध्ये दर दहा माणसांत जवळपास तिघं पासष्टीच्या पुढची आहेत. म्हणून बाजार संपला असं नाही, बाजार दुसरीकडे सरकला. ओजी नावाच्या मोठ्या कागद कंपनीने २०२४ मध्ये जपानसाठीचे बाळांचे डायपर बनवणं थांबवलं, मोठ्यांचे चालू ठेवले. २०२० च्या जनगणनेत शंभरातली ३८ घरं एकट्या माणसाची निघाली. दुकानात गेलं की ते दिसतं : एका माणसाचा भात, अर्धा कोबी, चार चमच्यांची पाकिटं. सुपरमार्केटमध्ये आजीआजोबा निवांत लेबल वाचत उभे असतात, आणि मीठ किती हे आधी बघतात.

आता सावजी मसाला इथे चालेल का? नाही चालणार. इथली करी इंग्रजांच्या मार्गाने आरमारात आली आणि तिथून घरात. ती गोडसर, सौम्य. तोक्योत निशिकासाईला आपले लोक भरपूर आहेत, पण साऱ्या देशात मिळून भारतीय पन्नास हजारांच्या थोडे वर. तेवढ्यावर धंदा होणार नाही.

मात्र काटोलच्या काकांसाठी एक गोष्ट. इथे शिचिमी म्हणून सात जिन्नसांची पूड नूडल्सवर घालतात. मिरची, तीळ, आणि त्यातला एक जिन्नस वाळवलेल्या संत्र्याची साल. सालीला इथे किंमत आहे. फक्त २००६ पासून कीटकनाशकांच्या अंशाचे नियम फार कडक आहेत, आणि फवारणी बसते ती सालीवरच.

काटोलचा_बागायतदार

सालीले किंमत! ताई, इथं फळाले मिळून नाही राहिली.

धरमपेठच्या_आजी

मी काही व्यापारातली नाही. पण गेली कित्येक वर्षं मीच निर्यात करते आहे. लेक अमेरिकेत, न्यू जर्सीला. आमच्या इमारतीत बहुतेक घरांत तीच गत आहे, आईवडील इथे, मुलं तिकडे. जाताना तेवीस किलोच्या दोन बॅगा, आणि त्यातली एक निव्वळ मसाले, तिखट, सांडगे, कुरडया. त्यामुळे कोणाला काय लागतं याचा हिशेब माझ्याकडे तुमच्या सल्लागारापेक्षा पक्का आहे.

लेक आणि जावई सावजी खातात. नातवंडं खात नाहीत. थोरला पनीर खातो तोही धुऊन. लेकीच्या ओळखीत जे नव्याने गेलेत, शिकायला किंवा पहिल्या नोकरीला, त्यांच्याकडे हा मसाला धडाधड संपतो. ज्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली त्यांच्याकडे बरणी वर्षभर पुरते. तेव्हा बाळा, परदेशात भारतीय किती हे विचारू नकोस. मागच्या पाच-सात वर्षांत किती गेले ते विचार.

प्रा_रामदासपेठ

आजी, माझ्या वर्गात एक तास घ्याल का?

आजींनी सांगितलं त्याला जोड म्हणून. आपल्याकडेही हेच चाललंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्राचा जननदर १.७ आला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोन मुलंही नाहीत. २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकलं याचे पेढे वाटून झाले, पण विदर्भातला कारखानदार गिऱ्हाईक शोधायला बाहेर बघतोय त्यामागे हेही एक कारण आहे. घरं लहान झाली, तरुण पुण्याला गेले, किलोभराचं पाकीट अडीचशेवर आलं. खरंय ना हिंगणावाले?

हिंगणावाला

सर, शंभर टक्के. किलोचं पाकीट आता फक्त भोजनालयं घेतात.

दुबईची_शेजारीण

बहिणीच्या बाजूने बोलायला आले होते, पण आधी एक प्रश्न. तुमच्या सावजी मसाल्यात खसखस आहे का?

असेल तर इथे पाठवू नका. संयुक्त अरब अमिरात आणि सौदीत खसखशीवर बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. बॅगेत चुकून पुडी राहिली म्हणून माणसं अडकली आहेत. आजी, तुमच्या इमारतीतलं कोणी इकडे येत असेल तर तेवढं सांगा.

हिंगणावाला

आहे. थोडी आहे, पण आहे. बाप रे. हे सल्लागाराने सांगितलंच नव्हतं.

वऱ्हाडी_ठसका

सावजीत खसखस कायले पायजे? आमच्या घरी जवस अन् ज्वारीचं पीठ राहते रश्श्याले. खसखस लग्नाच्या पंगतीतली गोष्ट.

तर्रीबाज

झालं सुरू. आता गोळीबार चौक विरुद्ध महाल.

इतवारीकर

आमच्या कोष्टी घरांत खसखस असतेच, भाजून वाटून. दगडफूलही असतं. घराघरांची रीत वेगळी, आणि खरी रीत कोणी सांगत नाही, सांगितली तरी एक जिन्नस गाळून सांगतात. जवसवाले लोक नंतरचे.

वऱ्हाडी_ठसका

नंतरचे म्हणे! या एकदा जेवाले, मग ठरवू.

दुबईची_शेजारीण

तुमचं भांडण चालू द्या, मी माझं सांगून टाकते.

इथे दर दहा माणसांत नऊ बाहेरून आलेली आहेत, आणि भारतीय त्यांत सगळ्यांत जास्त. पण ही कुटुंबांची वस्ती नाही. बायकांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त, कामाच्या वयातले, खोलीत चार-सहा जण, एक शेगडी. भाजायला, वाटायला वेळ नाही. अशा माणसाला मसाला नको असतो, तयार वाटण हवं असतं : पाकीट फोडलं, चिकन टाकलं, झालं. आणि मोठी संख्या मल्याळी लोकांची आहे, त्यांची चव वेगळी. मराठी माणूस त्यामानाने थोडा. त्यामुळे मराठी माणसाला विकेन म्हणून आलात तर दोन-चार दुकानांत संपेल. तिखट नागपुरी चिकन म्हणून आलात तर पाकिस्तानी, आंध्रवाले, सगळे चाखून बघतील.

वर्षाचं चक्रही लक्षात घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी, उन्हाचा कहर, कुटुंबं गावी जातात, दुकानं ओस. रमजानच्या आधी मात्र खाण्याच्या वस्तूंची मागणी उसळते, आणि रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीची तारीख धरून माल भरलात तर चुकाल. करारामुळे (१ मे २०२२ पासूनचा भारत-अमिरात करार) बऱ्याच वस्तूंवरचं शुल्क कमी झालंय, तुमच्या मालाचं काय ते तपासून घ्या. आणि नागपूरहून शारजाला थेट विमान आहे, नमुन्यापुरता माल पोटातल्या कार्गोत येऊ शकतो. मधोमध असूनही एवढी सोय आहे, अजनीवाले!

अजनीवाला

मान्य. नमुन्याला विमान, मालाला जहाज.

मेलबर्नची_नागपूरकरीण

इतकी पानं झाली आणि दक्षिण गोलार्धाकडे कोणी बघितलंच नाही.

माझं मत ऑस्ट्रेलियाला. आजींनी जी कसोटी सांगितली, नव्याने गेलेले किती, तिच्यात हा देश वर येतो. २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडनंतर भारताचा नंबर लागला, सुमारे ६ लाख ७३ हजार. चीन आणि न्यूझीलंड मागे पडले. यातले बरेच तिशी-पस्तिशीतले, नुकतं घर मांडलेले, दोघं कमावणारे, घरी स्वयंपाक करणारे. विद्यार्थी वेगळेच. मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीट, पॉइंट कुकच्या बाजूला भारतीय किराणा दुकानांची रांग आहे.

आता गंमत ऋतूंची. नागपुरात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा तुमचा सावजीचा खप बसत असणार. मटण कोण खातं मेमध्ये? इथे जून-जुलै-ऑगस्ट हिवाळा. सहा-सात अंशांत, पावसात, रविवारी तर्री लागते म्हणजे लागतेच. तुमचं मंदीचं तोंड आणि आमचं तेजीचं तोंड एकाच महिन्यात. युनिट रिकामं बसणार नाही. जहाजाला सुएझ लागत नाही, हुथी लागत नाहीत. व्यापार करार डिसेंबर २०२२ पासून लागू आहे.

अजनीवाला

ताई, सगळं खरं, एक राहिलं. तुमच्या देशाच्या जैवसुरक्षेवाल्यांना खापरा भुंग्याचा धसका आहे. हा किडा मूळचा आपल्याच बाजूचा, कोरड्या धान्यात-मसाल्यात वर्षानुवर्षं तग धरतो. ऑस्ट्रेलिया हे चारी बाजूंनी पाणी असलेलं बेट, किडा आत शिरला की त्यांची गव्हाची निर्यात धोक्यात. म्हणून गेल्या काही वर्षांत भारतातून जाणाऱ्या अशा मालावर आणि कंटेनरवरही अटी वाढल्या. लहान माणसाने स्वतःचा कंटेनर न घेता इतरांबरोबर जागा घेतली तर शेजारच्या पेटीत काय आहे यावरही आपला माल रखडू शकतो. आधी आयातदार पक्का करा, त्याला तिथल्या अटी काढायला सांगा, मग छपाई करा.

लागोस_रिटर्न

आणि धुरी देऊन निर्जंतुक करण्याच्या भानगडीत पडू नका. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांची विक्री इथिलीन ऑक्साइडच्या (अशा धुरीत वापरतात तो वायू) कारणाने थांबवली होती, तेव्हापासून सगळीकडे तपासतात. वाफेने निर्जंतुक करणारं केंद्र शोधा. थोडा वास उतरतो, पण माल परत येण्यापेक्षा बरं.

तर्रीबाज

मी विनोद करायला आलो होतो, आता माझं स्वतःचं दुकान बंद करून नोकरी शोधावीशी वाटतेय.

धरमपेठच्या_आजी

खसखस काढून मसाला आधी इथे करून बघ रे. चव बिघडली तर मला सांग, काजू आणि भाजलेलं खोबरं यांचं प्रमाण मी देते.

इतवारीकर

काजू?? सावजीत???

हिंगणावाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीबरोबर बसून पूर्ण धागा वाचला. आजी, आज खसखशीविना एक घाणा काढला. इतवारीकरांची क्षमा मागून काजू घातले नाहीत, खोबरं आणि तीळ वाढवले. बाबांनी चाखला, काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, म्हणजे ठीक असावा.

ठरलं ते असं. नायजेरिया बाद, पुढे कधी ताकद आली तर तिथलाच कोणी भागीदार घेऊन. जपानसाठी आम्ही नाही. पहिला देश अमिरात, पण मसाला नव्हे, तयार वाटण छोट्या पाकिटात, लेबलवर अरबी मजकूर. बहीण नकाशामुळे जिंकली म्हणते. मी म्हणतो, एका शेगडीवर सहा जण हे नकाशात दिसत नाही. तो वाद घरी चालू राहील. जहाज लवकर पोचतं, म्हणजे पैसाही लवकर फिरतो, आमच्यासारख्यांना तेच महत्त्वाचं.

मेलबर्नताई, तुमच्याकडे कोरडा मसाला, पुढच्या हिवाळ्याच्या आत. ओळखीचा आयातदार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्यासाठी माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघायला हवा, नवीन मिरची तेव्हाच बाजारात येते, त्यामुळे रंगही चांगला लागेल.

सल्लागाराला पुढचा हप्ता द्यायचा की नाही यावर मात्र घरात एकमत आहे.

मेलबर्नची_नागपूरकरीण

व्यनि केला आहे. पाकीट दोनशे ग्रॅमच्या वर नेऊ नका, आणि पुन्हा बंद करता येणारी पिशवी घ्या. इथे लोक तेवढ्यासाठी दुसरा ब्रँड उचलतात.

काटोलचा_बागायतदार

ओसाकावाल्या ताई, सालीचं थोडं सविस्तर सांगता का? किती वाळलेली लागते, अन् फवारणी बंद करून किती दिवसांनी तोडलेली चालते? दोन एकर वेगळं काढून पाहू म्हणतो.

ओसाकाहून

काका, इथल्या एका मसाला आयातदाराला विचारून लिहिते. थोडे दिवस द्या, इथे साध्या प्रश्नालाही बैठक घेतात.

अजनीवाला

हिंगणावाले, शारजाच्या नमुन्यासाठी एका कार्टनचं वजन आणि बाहेरून लांबी-रुंदी-उंची टाका. विमानात वाटणाच्या पाकिटांना वजन लागेल, मेलबर्नच्या जहाजी मालाला जागा. दोन्हीचे दर वेगवेगळे काढतो.

हिंगणावाला

वाटणाची शंभर ग्रॅमची पन्नास पाकिटं, म्हणजे निव्वळ पाच किलो. खोक्याचं माप उद्या युनिटवर जाऊन टाकतो. मसाल्याचं खोकं अजून ठरायचंय.